नव्वद दिवसांचा भरवसा

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा स्वतःचा सर्व्हर उभा करणाऱ्यांपैकी अनेकांना एक कोडं पडतं. साइट ब्राउझरमध्ये छान उघडते. पत्त्यापाशी कसला इशारा नाही, लॉगिन होतं, पोस्ट लिहिता येते, फोटोही चढतो. मग हौसेनं दुसऱ्या सर्व्हरवरच्या मैत्रिणीला कळवावं, ‘मला शोध बघू,’ तर तिचं उत्तर येतं, ‘अगं, या नावाचं कुणी सापडतच नाहीये.’ पुन्हा तपासावं, तर आपल्याकडे सगळं ठीक. माणसांना व्यवस्थित दिसणारी साइट इतर सर्व्हरांच्या लेखी अस्तित्वातच नसते.

उत्तर बऱ्याचदा एका फोल्डरात सापडतं. सर्टबॉट नावाचा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आणून ठेवतो, तेव्हा तिथे चार फाइली तयार होतात: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी. ‘सर्ट’मध्ये फक्त आपल्या साइटचं सर्टिफिकेट असतं. ‘फुलचेन’मध्ये त्याच्या पाठोपाठ, ते सही करून देणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेटही असतं. साइट जगापुढे मांडणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये फुलचेनऐवजी सर्टचं नाव पडलं की वरचा घोळ होतो. ब्राउझर सांभाळून घेतात. मधलं सर्टिफिकेट आलं नाही, तर आधी साठवलेल्यांतून काढतात किंवा स्वतः जाऊन आणतात. सर्व्हर सहसा असलं काही करत नाही. पुरावा अपुरा आला की तो जोडणी तिथल्या तिथे तोडतो. शिवाय ब्राउझर माणसाला निदान विचारतो तरी, की धोका आहे, पुढे जायचं का? दोन सर्व्हर आपसात बोलत असतात, तेव्हा विचारायला तिथे कुणीच बसलेलं नसतं.

मला या सगळ्या व्यवस्थेतलं हेच विलक्षण वाटतं. हजारो सर्व्हर. चालवणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यात करार नाही, वर कुठलं मुख्य कार्यालय नाही. तरीही ‘हा निरोप खरोखर तिथूनच आला’ एवढी खात्री ते एकमेकांना क्षणात पटवतात, आणि ती खात्री उभी असते काही किलोबाइटच्या एका फाइलीवर.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगेन रोख्को या तरुणानं सुरू केलं. सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं मानक म्हणून जाहीर केले. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, चर्चांसाठी लेमी हे सगळे हीच भाषा बोलतात. आपल्याकडे मॅस्टोडॉनचं नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं आणि त्याच्या निषेधात अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर दाखल झाले. तिथला पत्ता दोन भागांचा असतो, आधी तुमचं नाव आणि मग तुमच्या सर्व्हरचं डोमेन. यातला दुसरा भाग खरा असल्याची साक्ष सर्टिफिकेट देतं.

आता ही खात्री पटण्याचा अर्धा सेकंद सावकाश पाहू. पुण्यातल्या एखाद्या छोट्या सर्व्हरवर कुणीतरी जर्मनीतल्या खात्याचा पत्ता शोधचौकटीत टाकला. पुण्याचा सर्व्हर त्या डोमेनच्या एका ठरावीक जागी जाऊन विचारतो की या नावाचं कुणी तुमच्याकडे आहे का. या विचारण्याला वेबफिंगर म्हणतात. २०१३ च्या त्याच्या मानकातच लिहिलेलं आहे की हा प्रश्न एचटीटीपीएसवरूनच विचारायचा आणि ते जमलं नाही तर साध्या, उघड्या एचटीटीपीवर उतरायचं नाही. म्हणजे सर्टिफिकेट नसेल, तर संवादाचा पहिला शब्दसुद्धा उच्चारला जात नाही.

म्हणून त्याआधी दोन्ही यंत्रं एक गुपित ठरवतात, तेही सगळ्यांदेखत. वाटेवरच्या प्रत्येकाला त्यांची देवाणघेवाण अक्षरन् अक्षर दिसत असते, तरी ठरलेलं गुपित फक्त त्या दोघांनाच कळतं. ही किमया व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली. त्यामागचं गणित असं, की एका दिशेनं हिशेब चुटकीसरशी होतो आणि उलट्या दिशेनं करायला जावं तर आजच्या संगणकांना युगं पुरत नाहीत. मी हे कितीदा वाचलं, कागदावर छोट्या आकड्यांनी करून पाहिलं, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

पण त्यात एक खोल भोक होतं. गुपित ठरलं हे खरं, पण ते कुणाशी ठरलं? मध्येच एखादा लबाड बसला आणि त्यानं इकडे जर्मनीचं आणि तिकडे पुण्याचं सोंग घेतलं, तर दोन्ही बाजू त्याच्याशीच बिनधास्त गुपितं ठरवून बसतील. डिफी-हेलमन यांचा सुरुवातीचा विचार असा होता की सगळ्यांच्या सार्वजनिक, म्हणजे कुणालाही दाखवता येणाऱ्या किल्ल्यांची एक यादी कुठेतरी ठेवावी आणि लागेल तेव्हा तिथे विचारावं. १९७८ मध्ये एमआयटीत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या लॉरेन कोनफेल्डरनं आपल्या प्रबंधात वेगळी वाट सुचवली. यादीतली ‘हे नाव, ही किल्ली’ एवढी एकच नोंद सुटी करायची, विश्वासू माणसानं तिच्यावर सही करायची, आणि ती नोंद ज्याची त्यानं जवळ बाळगून मागेल त्याला दाखवायची. यादीकडे दर वेळी धाव घ्यायची गरजच उरली नाही. पदवीच्या एका विद्यार्थ्याची ही कल्पना आज तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हाही कामाला येत असते.

म्हणजे ज्याला आपण एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट म्हणतो, ते स्वतः काहीच झाकत नाही. एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या नियमावलीच्या २०१८ च्या आवृत्तीत तर हे स्वच्छ वेगळं केलेलं आहे. मजकूर झाकायचं काम त्या वेळेपुरत्या बनवलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या किल्ल्या करतात. सर्टिफिकेटमागची खासगी किल्ली फक्त नुकत्याच घडलेल्या संभाषणावर सही करते, की हो, बोलणारा मीच. त्यामुळे ती किल्ली उद्या चोरीला गेली तरी कालचं साठवून ठेवलेलं बोलणं चोराला उलगडता येत नाही.

पुण्याचा सर्व्हर ती सही ताडतो, डोमेनचं नाव जुळवतो, तारीख पाहतो आणि सर्टिफिकेटवर सही कुणाची, त्याच्यावर कुणाची, असं करत वर चढत जातो. शेवटी त्याच्या स्वतःच्या यादीतलं एखादं मूळ सर्टिफिकेट भेटलं की प्रश्न मिटला. मग जर्मनीकडून त्या खात्याची माहिती येते आणि तिच्यात आणखी एक किल्ली असते. ही त्या व्यक्तीची सार्वजनिक किल्ली. मॅस्टोडॉन प्रत्येक खात्यासाठी सार्वजनिक आणि खासगी किल्लीची २०४८ बिटांची जोडी बनवतं. आकड्यांत लिहायला बसलात तर सहाशेहून अधिक अंकी संख्या. यापुढे त्या व्यक्तीची पोस्ट येईल तेव्हा सोबत तिची सही असेल आणि पुण्याचा सर्व्हर ती याच किल्लीनं तपासेल.

इथे क्षणभर थांबायला हवं. पोस्टवरची सही खरी कशावरून? किल्लीवरून. किल्ली खरी कशावरून? ती त्या डोमेनवरून, सर्टिफिकेट तपासून आणली म्हणून. म्हणजे एखाद्या सर्व्हरवरच्या दहा किंवा दहा हजार माणसांची ओळख, त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा खरेपणा, हे सगळं त्या एका सर्टिफिकेटला आणि त्यातल्या डोमेनच्या नावाला टांगलेलं आहे. त्या सर्टिफिकेटची मुदत टळली तर भेट देणाऱ्या माणसांना इशारा दिसेल, हे त्यातलं कमी नुकसान. इतर सर्व्हर निरोप पोचवायचा प्रयत्न करतात, नाही जमला तर थोडं थांबून पुन्हा करतात, मग आणखी थोडं थांबून. दिवसामागून दिवस असेच गेले, तर मॅस्टोडॉन तो पत्ता अनुपलब्ध धरून प्रयत्न थांबवतं. कुणाशी भांडण न होता, कुणी वाळीत न टाकता माणसं एकमेकांच्या दृष्टीआड होतात.

आणि डोमेनच गेलं तर? क्विअर डॉट एएफ हा मॅस्टोडॉनचा सर्व्हर अफगाणिस्तानच्या ‘एएफ’ या टोकाखाली नोंदलेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातल्या यंत्रणेनं त्याचं नाव काढून घेतलं. त्याआधी जुलै २०२३ मध्ये मालीच्या ‘एमएल’ टोकाच्या डोमेनांचं व्यवस्थापन पुन्हा मालीकडे गेलं, तेव्हा एफएमएचवाय डॉट एमएल हा लेमीचा सर्व्हर असाच नाव गमावून बसला. अशा वेळी यंत्रं शाबूत असतात, माहितीही असते. पण डोमेनवर ताबा नाही म्हणजे नवं सर्टिफिकेट नाही, आणि जुन्या नावानं ओळख पटवायला काहीच उरत नाही. स्वतःचा सर्व्हर काढणाऱ्यानं डोमेन निवडताना नावाच्या गोडव्याइतकाच त्याच्या टोकाचा विचार करावा, असं मला कळकळीनं वाटतं.

मूळ सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था तरी किती भरवशाच्या? २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या संगणकांत कुणीतरी घुसलं आणि पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेट काढून गेलं. त्यातलं गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. सुमारे तीन लाख आयपी पत्ते त्याच्या तावडीत आले होते. गूगलनं आपल्याच साइटच्या खऱ्या किल्ल्या क्रोममध्ये आधीपासून टिपून ठेवल्या होत्या म्हणून ते उघडकीला आलं. डिजिनोटारचं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळं निघालं. आपल्या देशातही असंच घडलं. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं की नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरकडून गूगलच्या काही डोमेनांसाठी अनधिकृत सर्टिफिकेट निघाली आहेत. एनआयसीची मधली सर्टिफिकेट लगेच रद्द झाली, आणि क्रोमनं पुढे भारत सरकारच्या मूळ सर्टिफिकेटवरचा विश्वास ठरावीक भारतीय डोमेनांपुरताच ठेवला.

यातून निघालेला उपाय मला या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बेन लॉरी आणि ॲडम लँगली यांनी मांडलेल्या सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीत प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद उघड्या वहीत होते. त्या वहीत शेवटी भर घालता येते, पण मधलं पान फाडता किंवा खोडता येत नाही, कारण प्रत्येक नोंदीचा ठसा पुढच्या हिशेबात मिसळत जातो आणि एक अक्षर बदललं तरी सगळा हिशेब चुकतो. एप्रिल २०१८ च्या अखेरीपासून दिलेलं सर्टिफिकेट अशा वहीत नसेल, तर क्रोम ते मानतच नाही. या नोंदी शोधून देणाऱ्या साइटवर आपलं डोमेन टाकलं की त्या नावानं निघालेली सर्टिफिकेट तारखांसकट समोर येतात. आपल्या नावानं दुसऱ्याच कुणी सर्टिफिकेट काढलं असेल, तर तेही दिसतं.

हा उघडेपणा दुसऱ्या बाजूनंही काम करतो. नव्या डोमेनचा पत्ता अजून कुणालाही सांगितलेला नाही, नुकतंच सर्टिफिकेट आलंय, आणि सर्व्हरच्या लॉगवर नजर ठेवून बसलात, तर थोड्याच वेळात ओळी उमटू लागतात. कुणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, कुणी विसरून राहिलेली सेटिंगची फाइल, कुणी बॅकअप. त्या उघड्या वह्यांवर जगभरचे बॉट पहारा ठेवून असतात आणि नवं नाव दिसलं की धावत येतात. म्हणून पासवर्ड, फायरवॉल, अपडेट हे सगळं सर्टिफिकेट मागण्याच्या आधी उरकलेलं बरं.

या सगळ्याला पूर्वी पैसे पडत आणि दर वर्षी नूतनीकरणाचा खटाटोप असे. एकट्यादुकट्यानं चालवलेल्या साइटला ते सहसा परवडत नसे. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची घोषणा झाली. मोझिलातले जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचे पीटर एकर्स्ली, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन यांची ही खटपट. पहिलं सर्टिफिकेट १४ सप्टेंबर २०१५ ला निघालं, आणि २७ फेब्रुवारी २०२० ला शंभर कोटीवं. त्या वेळी संस्था सुमारे १९ कोटी साइटांना फुकट सर्टिफिकेट देत होती आणि पूर्णवेळ माणसं होती १३. जून २०१७ मध्ये जगभरात उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी ५८ टक्के एचटीटीपीएसवर होती, २०२० च्या सुरुवातीला ८१ टक्के.

तेरा माणसांत हे जमलं, कारण तपासणी माणूस करतच नाही. एखादा म्हणाला ‘हा वाडा माझा’, तर त्याच्याकडे कागदपत्रं मागण्याऐवजी ‘मग माडीवरच्या तिसऱ्या खिडकीत आत्ता दिवा लावून दाखवा’ म्हणावं, तसा हा प्रकार आहे. लेट्स एन्क्रिप्ट एक लांबलचक, कुणाला सुचणार नाही असा शब्द देतं आणि तो आपल्या साइटवर ठरावीक जागी ठेवायला सांगतं. मग ते स्वतः येऊन पाहतं. फेब्रुवारी २०२० पासून ही पाहणी जगात वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी होते. वाटेतलं इंटरनेट कुणी वळवून घेतलं असेल, तर एका जागेवरून फसवणूक जमेल, सगळीकडून जमणं फार कठीण. शब्द सापडला की काही सेकंदांत सर्टिफिकेट हातात. या संवादाचे नियम एसीएमई नावानं मार्च २०१९ मध्ये मानक झाले आणि आता इतर संस्थाही तेच वापरतात.

इथे आपल्याकडच्या घरगुती सर्व्हरवाल्यांना एक अडचण येते. भारतात बऱ्याच घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवते. मग लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून दार शोधत येतं आणि ते त्याला सापडतच नाही. त्यावर दुसरा मार्ग आहे. तो शब्द साइटवर न ठेवता डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीत, टीएक्सटी नोंद म्हणून ठेवायचा. घराच्या जोडणीशी त्याचा संबंध येत नाही, सर्टिफिकेट मिळतं. अर्थात, इतर सर्व्हरांना तुमच्यापर्यंत यायला वाट लागतेच. ती मग बाहेर भाड्यानं घेतलेल्या छोट्या सर्व्हरवरून बोगदा काढून करावी लागते. प्रयोग करताना लेट्स एन्क्रिप्टची चाचणीसाठीची वेगळी व्यवस्था वापरावी, कारण खऱ्या व्यवस्थेत लागोपाठ चुका झाल्या तर ती काही वेळ थांबवून ठेवते.

एका बाबतीत वापरणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये. सर्टिफिकेट वाटेवरचं बोलणं राखतं. मॅस्टोडॉनवर फक्त एका व्यक्तीला पाठवलेला निरोपही दोन्ही टोकांच्या सर्व्हरांवर उघडाच साठतो आणि ते सर्व्हर चालवणाऱ्याला तो वाचता येऊ शकतो. साइट भली की बुरी, हेही सर्टिफिकेट सांगत नाही. ठगाच्या डोमेनलाही ते मिळतं, कारण त्या डोमेनवर ताबा ठगाचाच असतो.

लेट्स एन्क्रिप्टनं मुदत नव्वद दिवसांची ठेवली, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. हेतू दुहेरी होता: किल्ली चोरीला गेली तर नुकसान थोडे दिवस व्हावं, आणि मुदत इतकी तोकडी असावी की माणसानं हातानं नूतनीकरण करायच्या भानगडीत न पडता ते यंत्रावर सोपवावं. हातानं करायचं राहून गेलं की काय होतं, हे ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटननं पाहिलं. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ओटू या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. सर्टबॉट सामान्यतः दिवसातून दोनदा जागा होऊन तारीख पाहतो आणि मुदत सरत आली की नवं आणतो. एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. नवी फाइल डिस्कवर येते, पण एनजिनएक्सनं जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरलेलं असतं. नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड करायची एक ओळ लिहून ठेवलेली नसेल, तर फोल्डरात ताजं सर्टिफिकेट असूनही जगाला शिळंच दिसत राहतं. मुदत संपत आल्याचे ई-मेल लेट्स एन्क्रिप्टनं ४ जून २०२५ पासून बंद केले, तेव्हा तारखेवर पाळत ठेवणारं काहीतरी आपलं आपण लावायला हवं.

कारण मुदती आणखी आखडत चालल्या आहेत. ब्राउझर बनवणाऱ्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये मिळून ठरवलं, की मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. लेट्स एन्क्रिप्टनं तर फेब्रुवारी २०२५ मध्येच पहिलं सहा दिवसांचं सर्टिफिकेट काढून दाखवलं. इतक्या तोकड्या मुदतीत चोरलेल्या किल्लीचं सर्टिफिकेट रद्द झाल्याचं जगभर कळवत बसायची गरजच फारशी राहत नाही. रद्दची बातमी सगळीकडे पोचेपर्यंत ते स्वतःच संपलेलं असतं.